कोयत्याच्या वेळेचं पाळणाघर

दसऱ्याच्या आगेमागे कृष्णाकाठच्या कारखान्यांत बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि बीड, जालना, परभणी, नगरच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या माळावर येऊन उतरतात. उन्हाळा तापायला लागला की त्या परतीला लागतात. मधले चार-पाच महिने माळावर कोप्यांचं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांचं, गाव असतं. त्या गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांना सांभाळणं हे माझं हंगामी काम. एरवी मी शिवणकाम करते. पाळणाघराची शेड कारखान्याच्या जागेत आहे, पगार एक संस्था देते आणि वेळापत्रक ऊस ठरवतो.

तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही दोघांच्या जिवावर घेतलेली असते. बाई एक दिवस कोपीत थांबली तर खाडा पडतो, आणि तो शेवटी उचलीच्या हिशेबात येऊन बसतो. त्यामुळं मूल दहा महिन्यांचं असो की तापानं फणफणलेलं असो, आई फडात जाणार हे धरूनच आम्हाला चालावं लागतं.

यंदा माझ्या हाताखाली नवी मदतनीस आली आहे. गावातलीच, बारावी झालेली, पहिलाच हंगाम. तिला सोबत घेऊन घालवलेला डिसेंबरातला हा एक दिवस.

पहाटे ४

तळ माझ्याआधी जागा झालेला असतो. तीनलाच चुली पेटतात. भाकरी थापून, कालवण डब्यात भरून बायका मोकळ्या ट्रॉलीत चढायला निघतात. कुठल्या शिवारात तोड लागली आहे ते कारखान्याच्या चिटबॉयनं आदल्या रात्री सांगितलेलं असतं. फड कधी दोन किलोमीटरवर असतो, कधी पंधरा.

नव्या मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "मावशी, अंगणवाडी दहाला भरते. आपणच का चारला उघडायचं?"

मी म्हटलं, "चार ते दहा मूल कुणापाशी असतं ते कोप्यांत जाऊन बघून ये."

ती बघून आली. नऊ-दहा वर्षांच्या मुली तान्ही भावंडं कडेवर घेऊन बसलेल्या. तळावर मुलं सांभाळायची नोकरी आमच्या आधीपासून या मुलींकडं आहे. पगार नाही, सुट्टी नाही, आणि हंगाम सुरू झाला की शाळाही नाही. दहाला दार उघडणारं पाळणाघर त्यांच्या काही कामाचं नसतं, कारण तोवर त्यांचा शाळेचा दिवस गेलेला असतो. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दिवसाचे साडेसात तास आणि महिन्याचे २६ दिवस धरलेले होते. दहा ते पाच काम करणाऱ्या बाईला तेवढे पुरत असतील. कोयत्याला ते पुरत नाहीत.

मूल घेताना मी नव्या मुलीला पुढं उभी करते. आधी कपाळाला हात लावायचा, मग पोटाला. आईला विचारायचं ते चारच प्रश्न: शेवटचं कधी पाजलं, रात्री जुलाब-उलटी झाली का, औषध काही दिलंय का, संध्याकाळी न्यायला कोण येणार. उत्तरं तिथंच वहीत लिहायची, कारण दिवस उजाडेपर्यंत दोन मुलांचे जुलाब डोक्यात एकमेकांत मिसळून जातात.

"घ्या की वो ताई, गाडी निघाली," वडवणीवाली बाळ पुढं करत म्हणते. या बायका एकमेकींना गावावरूनच हाका मारतात, धारूरवाली, पाटोद्याची, शिरूरवाली. आम्हीही तेच उचललं आहे.

"रात्री ताप होता का गं?"

"न्हाई. जरा कणकण वाटली."

अंग कोमट आहे. शहरातल्या पाळणाघरात आजारी मूल घेत नाहीत, इतर मुलांना लागण होऊ नये म्हणून. इथं तो नियम लावला तर ते मूल उसाच्या सरीत पाचटावर झोपेल, आणि दुसऱ्या दिवसापासून आई ताप लपवायला शिकेल. म्हणून आजारी मूल आम्ही घेतो, त्याला कोपऱ्यात वेगळं ठेवतो आणि आईला तोंडावर सांगतो: खरं सांगितलंस तरी घेणार आहे, खोटं सांगितलंस तर औषधाला उशीर होईल.

पहाटे ५

गाड्या गेल्या की तळ एकदम रिकामा होतो. बावीस मुलं आत आहेत. त्यातली नऊ तीन वर्षांखालची. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागं एक असं सांभाळणाऱ्यांचं प्रमाण दिलं आहे. आम्ही दोघी त्यात कशाबशा बसतो. एकीला बरं नसलं की बसत नाही.

या दोन तासांत काम कमी आणि लक्ष जास्त लागतं. शेडच्या आडव्या पाइपांना साड्यांच्या झोळ्या बांधलेल्या आहेत. रोज पहाटे प्रत्येक गाठ ओढून बघायची. झोळी जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची आणि खाली गोधडी टाकायची. एका झोळीत एकच मूल. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा सैल आणि लांब असेल तर आईच्या परवानगीनं काढून मनगटाला बांधायचा, कारण तो झोळीत अडकला तर फास बसतो. पाच-सहा महिन्यांच्या आतलं मूल झोळीत न घालता खाली घट्ट गादीवर उताणं झोपवायचं, तोंडापाशी उशी नाही, चादरीचा बोळा नाही.

थंडीत आणखी एक काम असतं, श्वास मोजायचं. रात्रभर चुलीचा धूर आणि दिवसा पाचटाची धूळ, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत छाती भरलेली मुलं फार. शांत झोपलेल्या मुलाचं झबलं वर करून, फोनवरचं घड्याळ लावून पुरा एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो साधा खोकला नाही, दवाखाना गाठायचा. छातीखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा पूर्ण व्हायचीही वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा.

नवी मुलगी वडवणीवालीच्या बाळाचे श्वास मोजते. अडतीस. बाळ अकरा महिन्यांचं आहे, म्हणजे ठीक. तरी वहीत आकडा आणि वेळ लिहायची आणि नऊला पुन्हा मोजायचं.

सकाळी ७

मुलं उठतात, आणि एकाच वेळी उठतात. तोंडं धुणं, शी-शू, कपडे बदलणं. तळावर संडास मोजके आहेत, त्यामुळं मुलांचा ओढा उसाच्या बांधाकडं असतो. आमच्या पट्ट्यातल्या उसात बिबट्याचा वावर आहे. बांधावर एकटं मूल कधीच सोडायचं नाही, अंधुक उजेडात तर मुळीच नाही. घोळक्यानं न्यायचं, एकीनं पुढं चालायचं आणि एकीनं मागं, आणि जाताना-येताना डोकी मोजायची. डोकी आम्ही दिवसभर मोजतो. जागा बदलली की मोजायची, गाडी आली की मोजायची, दोन बायका बोलायला थांबल्या की मोजायची. ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉलीआड बसलेलं मूल चालवणाऱ्याला दिसत नाही.

याच वेळेला थोरल्या बहिणी शाळेच्या वाटेला लागतात. म्हणजे लागायला हव्यात. एक आमच्या दारात दप्तर घेऊन उभी असते आणि हलत नाही.

"त्याला डाव्या कुशीवर केलं तरच झोपतो," ती नव्या मुलीला सांगते. "आन् भात पातळ करा. घट्ट असला तर थुकतो."

"बरं. तू जा आता."

"रडला तर?"

ती नऊ वर्षांची आहे, तिसरीच्या पटावर. आपल्या भावाविषयी ती जे सांगते ते पहाटे चारला आईनंही सांगितलेलं नसतं. तिनं सांगितलेलं आम्ही लिहून घेतो, कारण ते खरंच उपयोगाचं असतं. जबाबदारी मात्र तिला परत द्यायची नाही. मधल्या सुट्टीत येऊन बघून जाते म्हणाली तरी नको म्हणायचं. एकदा तिला तशी सवय लागली की पाळणाघर चालू असूनही तिचं लक्ष वर्गात राहत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि जवळची शाळा तिला नाव घालून घ्यायला नाही म्हणू शकत नाही. गावाकडं मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. संत भगवानबाबांच्या नावाच्या योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. पण अंगावर पिणारं मूल आईसोबत येणारच, आणि ते आलं की त्याला धरायला थोरली बहीणही येते. तिच्या नावची वसतिगृहातली खाट मोकळी राहते ती या तान्ह्या भावापायी. म्हणून तिच्या शाळेचा प्रश्न आमच्या शेडमध्ये येऊन सुटतो किंवा अडकतो.

सकाळी ८:३०

खाण्याची वेळ. आधी हात, साबणानं, रांगेत. पाण्याच्या पिंपात मेडिक्लोरचे थेंब रात्रीच टाकून ठेवलेले असतात.

सहा महिन्यांपुढच्या मुलांना मऊ खिचडी, वर तेलाची धार. मोठ्यांना नाचणीचं सत्त्व किंवा उकडलेलं अंडं, आणि शेंगदाणा-गुळाचा कूट. कूटच द्यायचा, अख्खे दाणे द्यायचे नाहीत. नव्या मुलीला मी जे पहिलं 'नको' शिकवलं ते याचं. अख्खा दाणा, फुटाणा, बोराची बी, आणि तळावर हात घालील तिथं सापडणारं उसाचं कांडं: लहान मुलाच्या घशात अडकायला यातलं काहीही पुरतं. दोन-तीन वर्षांचं मूल ऊस चोखताना दिसलं की कौतुक वाटतं. कौतुक बाजूला ठेवून कांडं काढून घ्यायचं आणि रस वाटीत काढून द्यायचा.

सहा महिन्यांच्या आतल्या मुलाची गोष्ट वेगळी. आई पहाटे पाजून जाते. फड जवळ असेल आणि ट्रॅक्टरची खेप मध्येच कारखान्याकडं येणार असेल तर ती एकदा येऊन जाते. नसेल तर आम्ही बायकांना दूध काढून ठेवायला शिकवतो, हात धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या वाटीत. सावलीत ते चार तास टिकतं, म्हणून वाटीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची. पाजायचं वाटी-चमच्यानंच. तळावर बाटली नीट उकळून घेणं जमत नाही, आणि बुचातल्या चिकट थरातून जुलाब सुरू होतात. सुरुवातीला बायका हसतात, अंगावरचं दूध वाटीत काढायची लाज वाटते. धारूरवालीनं गेल्या हंगामात केलं होतं. यंदा तीच नव्या बाळंतिणीला शिकवते. तिच्या सांगण्याचा जो परिणाम होतो तो माझ्या सांगण्याचा होत नाही.

सकाळी १०

आता खेळ. संस्थेनं दिलेल्या पेटीत रंगीत ठोकळे आहेत, आणि दोन दिवसांत त्यांचा कंटाळा येतो. चिपाडाची गाडी कधीच कंटाळवाणी होत नाही. दोन चिपाडं आडवी, चार चकत्या चाकांना, बाभळीचा काटा आसाला. काटा आम्ही मोडून बोथट करतो. पाचटाची कोपी बांधतात, चिंध्यांचे बैल करतात, मातीच्या भाकरी थापतात.

नाटकही चालतं. एक पोरगा मुकादम होतो आणि बाकीच्यांना कोयते मोजायला उभं करतो. "तुझा खाडा!" असं एकावर ओरडतो. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी हा शब्द ऐकून नवी मुलगी माझ्याकडं बघते. थांबवावं का? मी म्हणते, चालू दे. मुलं घरात जे ऐकतात तेच खेळतात, आणि खेळताना निदान मुकादम आळीपाळीनं होता येतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं ते कोसबाडला गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर तिथं शाळाच कुरणात नेली गेली. मूल जिथं असतं तिथं, त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवायचं, हे त्यांच्याकडून घ्यायचं. आमच्याकडं वाळू, वाढी, चिपाडं, बिया आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे आवाज आहेत. लहान-मोठं, जड-हलकं, एक-दोन-तीन एवढं सगळं त्यात बसतं.

भाषेकडंही लक्ष द्यावं लागतं. काही मुलं घरी गोरमाटी बोलतात. 'याडी' म्हणत रडणाऱ्या मुलाला आई हवी आहे, हे नव्या मुलीला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. आता ती बंजारा तांड्यातल्या बायकांना रोज एक शब्द विचारते: भूक, पाणी, दुखतंय, शू. हंगाम सुरू व्हायच्या आत शिकायचं काम आहे हे. तान्हं मूल कुठल्याही भाषेत रडलं तरी कळतं. अडीच वर्षांचं मूल सांगतं आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा ते बोलायचंच सोडून देतं.

दुपारी १२:३०

वरण-भात, एखादी पालेभाजी, मग झोप. मुलं झोपली की आम्ही दोघी आळीपाळीनं जेवतो. दोघींनी एकत्र जेवायचं नाही. शेडचं दार त्या वेळेत आतून कडी लावून ठेवायचं, कारण जागं झालेलं रांगतं मूल आवाज न करता बाहेर पडतं, आणि बाहेर कुणाची तरी चूल अजून धगधगत असते, कुणाचा तरी कोयता कुडाला खोचलेला असतो, पलीकडं पाटाचं पाणी असतं. तळ बसला की आम्ही पहिला दिवस फक्त फिरण्यात घालवतो: रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवरून काय काय हाताला लागेल ते बघत. विंचवासाठी गोधड्या रोज झटकायच्या. पाचटाचा ढीग शेडपासून लांब.

दुपारी २

आज आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई यायच्या आहेत. कार्डांचा गठ्ठा काढून ठेवायचा. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडं राहिलं, भिजलं, पेटीत खाली गेलं, अशी उत्तरं ठरलेली. नऊ महिने पूर्ण झालेल्या मुलाला गोवर-रुबेलाची लस मिळायला हवी. त्याच सुमारास ते टोळीसोबत इथं असतं आणि त्याचं नाव मात्र बीडच्या यादीत. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत, म्हणजे कदाचित पुढच्या हंगामात, कदाचित दुसऱ्याच कारखान्यावर. म्हणून इथं दिलेली प्रत्येक लस कार्डावर चढलीच पाहिजे, आणि कार्डाचा फोटो आईच्या आणि बापाच्या दोन्ही फोनमध्ये. आमची वही हंगामासोबत संपते. मुलाबरोबर जातं ते कार्ड.

मग दंडाचा घेर. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध पट्टी लावायची. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. पट्टी आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. लाल निघालेलं मूल त्याच दिवशी सिस्टरांच्या ताब्यात, ग्राम बाल विकास केंद्र किंवा रुग्णालय हे त्या ठरवतात. आज लाल कुणी नाही, दोन पिवळी आहेत. अंगणवाडी सेविकेला ती नावं द्यायची. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे, आणि स्थलांतरित मुलाला तिथल्या अंगणवाडीचा आहार मिळतो. पण कुणीतरी जाऊन नाव सांगावं लागतं. तळ गावाबाहेर, सेविका गावात, आई फडात. सांगणारं माणूस म्हणजे आम्हीच.

शिरूरवालीच्या मुलीला सकाळपासून तीन जुलाब झाले आहेत. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाण्यात नाही. चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सिस्टर झिंकच्या गोळ्या देतात, १४ दिवसांच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि मग गोळ्याही थांबतात, हे ठाऊक असल्यानं त्या गोळ्या आम्ही आमच्याकडंच ठेवून रोज इथंच देतो.

दुपारी ४

शाळा सुटते. थोरल्या बहिणी धावत येतात, दप्तर दारात टाकतात आणि हात पुढं करतात. इथं नव्या मुलीला सगळ्यात अवघड वाटतं. बहीण कोपीत घेऊन जाईन म्हणते, बाळ तिच्याकडं झेप घेतं, आईनंही सकाळी थोरलीकडं दिलं तरी चालेल म्हणून सांगितलेलं असतं. तरी नाही. मोठ्या माणसाशिवाय मूल दारातून बाहेर जाणार नाही. बहिणीला बसायचं असेल तर तिनं आत येऊन बसावं, तिच्यासाठीही खाऊ ठेवलेला असतो. पण तिनं गृहपाठ करायचा किंवा खेळायचं. आज ती लंगडी खेळायला गेली. भाऊ पाच मिनिटं रडला आणि मग ठोकळे फेकण्यात रमला.

"किती कठोर वागतो ना आपण," नवी मुलगी म्हणाली.

"तिला एक तास मोकळा मिळाला," मी म्हटलं. "दुसरं कोण देतं तिला?"

संध्याकाळी ५:३०

बायका परत येतात, डोक्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे. काही तशाच रस्त्यावर वाढं विकायला बसतात, कारण रोजचा भाजी-तेलाचा खर्च त्यावर चालतो. तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. पण ती उचलीत वळती होते. हातात रोख येते ती वाढ्याचीच. म्हणून आई दिसली तरी मुलाला न्यायला अर्धा-पाऊण तास उशीर होतो, आणि त्यावरून तिला बोलायचं नाही.

देताना घेण्याइतकीच काळजी. काय खाल्लं, किती झोपलं, जुलाब किती, औषध कधी. पडलं-खरचटलं असेल तर तिनं विचारायच्या आत आपण सांगायचं. न्यायला येईल तो माणूस सकाळी लिहिलेलाच असला पाहिजे. मुकादमाचा ड्रायव्हर, शेजारचा पोरगा, कुणीही ओळखीचं चालत नाही. बाप पिऊन आला तर त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही. "आईनं मीच न्यायला येते म्हणून सांगितलंय," एवढंच म्हणायचं आणि शेजारच्या कोपीतल्या म्हातारीला हाक मारायची.

वडवणीवालीच्या बाळाचं अंग आता गार आहे. ती पहिल्यांदा बाळाकडं न बघता नव्या मुलीकडं बघते. "मोजलं व्हय तुमी?" तिला श्वासाचं कळलेलं असतं. आकडे वाचून दाखवतो. अडतीस, छत्तीस, पस्तीस.

संध्याकाळी ७

चटया धुणं, झोळ्या सोडून पिळून वाळत घालणं, भांडी, पिंप भरणं, वही. मग आम्ही पायरीवर बसून पगाराचं बोलतो, कारण नव्या मुलीच्या घरी अजून याला नोकरी म्हणत नाहीत. पोरं तर सांभाळायची, असं म्हणतात.

हंगामी कामाला लागणाऱ्या मुलीनं आधी काय विचारून घ्यावं, ते मी तिला सांगते. पगार महिन्याचा की हजेरीचा. हंगाम लांबला किंवा कारखाना लवकर बंद झाला तर पैसे कसे. पहाटे चारला यायचं तर सोबत कोण, वाहन कुणाचं. प्रशिक्षण पगारी आहे का. एक आजारी पडली तर बदली कोण येणार. मुलाला काही झालं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा आणि सही कुणाची. पोलिस पडताळणी मागितली तर राग मानू नये, उलट जिथं मागत नाहीत तिथं शंका घ्यावी. आणि हे सगळं कागदावर.

कायद्याचा आधार विचारशील तर तो दुसऱ्यांच्या दारात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं तीसहून जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर एका बाईला त्यांच्यासाठी बसवून मजुरी द्यायची, हेही लिहिलेलं होतं. ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते, आणि तिथंही अर्धा कोयता म्हणून. त्यामुळं आपलं पाळणाघर कुणाच्या तरी मर्जीवर चालतं, आणि दर दसऱ्याला ती मर्जी नव्यानं मिळवावी लागते.

रात्री ९

मी घरी आहे. तळावर मात्र गाडी आली आहे. दिवसा तोडलेला ऊस भरायला रात्री बोलावणं येतं, तेव्हा नवरा-बायको दोघांनाही जावं लागतं. आमच्या शेडला या वेळी कुलूप असतं. मुलं कोपीत, आणि त्यांच्याजवळ तीच तिसरीतली बहीण.

चारला उघडून आम्ही तिची सकाळ सोडवली, सहापर्यंत थांबून दुपार सोडवली. रात्र अजून तिच्याच गळ्यात आहे, आणि रात्री जागलेली मुलगी वर्गात पेंगते हे तिच्या बाईंनी आम्हाला येऊन सांगितलं आहे. चौदा-पंधरा तासांनंतर आम्ही दोघी आणखी थांबू शकत नाही. थांबूही नये, कारण दमलेल्या बाईनं मुलं सांभाळणं धोक्याचं असतं. म्हणून पुढच्या हंगामासाठी संस्थेला मी खेळणी मागितलेली नाहीत. चार बायका मागितल्या आहेत, दोन पाळ्यांना, रात्रपाळीचा वेगळा दर, आणि शेडला दिवा व कडी. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाकडंही तोच अर्ज द्यायचा आहे. नव्या मुलीनं तो नीट अक्षरात लिहून काढला, मी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि खाली दोघींनी सह्या केल्या. पाळणाघर किती मुलं घेतं हे अहवालात सगळे विचारतात. आम्ही अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं ते किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, कारण पैसे त्या तासांचे लागणार आहेत.